लंडनच्या लेकीसाठी गाऱ्हाणं

मी आठवीतच शाळा सोडली, पण वाचायचा नाद काही सुटला नाही. आमच्या आत्याला वाचता येत नसे, म्हणून देवरूखहून आणलेल्या कादंबऱ्या मी तिला वाचून दाखवायचो. तिला इंग्लंडच्या उमरावांच्याच आवडत. त्या वेळी एक चालू होती. त्यात उमरावाच्या फ्लोरा नावाच्या मुलीचं ज्याच्यावर प्रेम असतं, त्याच्यावर खुनाचा आळ येतो आणि त्याला फाशी होणार असते.

शेवट राहिला होता आणि आत्याचं पोटाचं ऑपरेशन मुंबईला ठरलं. डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती.

"आजच वाचून संपवू," मी म्हणालो.

"नको रे. आल्यावर ऐकेन."

निघताना देवळात गुरवकाकांनी आत्यासाठी गाऱ्हाणं घातलं. आत्या हळूच म्हणाली, "त्या फ्लोराचं पण सांगा. बिचारीच्या माणसावर नाहक आळ आलाय."

"कुठल्या गावची?"

"लंडनची."

मला वाटलं, काका आता हसणार. पण त्यांनी डोळे मिटले. "बा देवा महाराजा, ह्या लंडनच्या लेकीच्या माणसावरचा आळ दूर कर, आणि दोघींच्या पाठीशी उभा राहा."

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले.

आत्या मुंबईला गेल्यावर पुढचं पान उलटायचा मला धीर झाला नाही.

महिन्याने ती एसटीतून उतरली, काठी टेकत. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. तो हातानेच थांबवून तिने विचारलं, "सुटला काय रे तो?"