शनवारी घाणा बंद

त्रेसष्ट साली इस्रायलमध्ये माझं लग्न अडवलं होतं ना, आठवलं की आजही डोकं तापतं. मुलगा मोरोक्कोचा यहुदी, आम्ही भारतातून आलेले बेने इस्रायल. लग्नाची परवानगी देणारा रब्बी म्हणाला, "तुझ्या आजीची आजी यहुदी होती, याला साक्षीदार आणा."

ओफाकिमहून बसने आलेली आई मला म्हणाली, "सांग त्याला, कोकणात आमचा तेलाचा घाणा होता. शनवारी बंद. सगळं गाव आम्हांला शनवार तेलीच म्हणायचं."

मी हिब्रूत सांगितलं.

"गावातले यहुदी होते?"

"नाही. हिंदू नि मुसलमान."

"मग चालणार नाही. साक्षीदार यहुदीच हवा."

मी आईला सांगताच ती ताडकन उठली. "अरे मेल्या, शनवारी तेलाला येऊन बंद दारावरून परत गेले ते हिंदू नि मुसलमान! यहुदी कुठून बघणार? ते आत शब्बाथ पाळत बसले होते!"