खंडेनवमीचं कुंकू

आरं, कुंकू लावून बंद पाडलेला कॉम्प्युटर बघितलाय का कुणी? मी बघितलाय, माधवनगरात, आमच्या अक्काच्या घरी.

दाजींकडं, म्हंजे अक्काच्या नवऱ्याकडं, टीव्हीला जोडायचा लय जुना, डब्याएवढा कॉम्प्युटर हाय. म्हातारपणी खेळणी कशाला लागत्यात, ते त्यांनाच विचारा. त्यात मोठा खेळ मावंना, म्हणून पाठीमागच्या फटीत खोचायची जादा मेमरीची पेटी मागवली. दसऱ्याला त्यांचा पलटणीतला दोस्त बाबू पाटणहून बघायला आला. आल्या आल्या म्हणाला, "न्हाई चाललं तर आजच भंगारात घालायचं."

दाजी तापट. "घालतो!" म्हणाले.

पेटी खोचली. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. काढली, परत खोचली. मुंग्याच. बाबू मिशीत हसतोय. मला एका जागी बसवंना. उठून बॅटरी मारली, तर फट लालभडक.

"हितं कुंकू कुणी घातलं?" दाजी गरजले.

"आवं, काल खंडेनवमी न्हवती का?" अक्का म्हणाली. "विळ्याला लावलं, मोटरीला लावलं, मग ह्यालाच नको व्हय?"

ब्रशनं फट झाडली, पेटी खोचली आणि खेळ लागला! दाजी ऐटीत खुर्चीवर बसले आणि खेळायच्या दांड्याची वायर शेजारच्या फटीत घालायला लागले. ती काय आत जाईना.

"अक्के, पुढच्या वर्षी नुसतं फूल वाहा गं," मी म्हणालो.

"वाहिलंय की," अक्का म्हणाली. "त्याच फटीत."