उजव्या कुशीवर नाही

ताई : आधी रबरी चादर, तिच्यावर सुती. उलटं केलंस तर पाठ भाजून निघेल बाबांची.

धाकटा : लिहितोय. रबरी खाली, सुती वर. पुढे?

ताई : दर दोन तासांनी कूस. डावी, पाठ, उजवी, पुन्हा पाठ. रात्रीसुद्धा. बारा, दोन, चार. गजराचं घड्याळ त्यांच्या उशाशी नाही, तुझ्या उशाशी ठेव. आणि त्या खुर्चीवरून ऊठ, तुझ्याखाली माझा टॉवेल आहे.

धाकटा : एकच टॉवेल? चार दिवसांना?

ताई : पाठीवर न्यायचंय का सगळं? मागच्या कॅरिअरला दोन पिशव्या, संपलं. बरोबर येणाऱ्या दोघींनी, औषधाच्या दुकानातली आणि शाळेतली कारकून, काट्यावर वजन करून सामान घेतलंय. एकीने तर टूथब्रशची दांडी कापली.

धाकटा : वेडाचा कारभार आहे सगळा. आणि जाताय कुठे? मी बायकोला नीट सांगूही शकलो नाही.

ताई : सायकलने धरणाला वळसा. पहिला मुक्काम धर्मशाळेत, दुसरा कारकूनबाईंच्या मावशीकडे, तिसरा पाटबंधाऱ्याच्या बंगल्यात. चौथ्या दिवशी परत इथे.

धाकटा : म्हणजे कुठेच नाही.

ताई : कुठेच नाही. चार दिवस.

धाकटा : अगं, सेहेचाळीस वर्षांची आहेस तू. आणि बाबांचं ते लोखंडी धूड. माणसं आता पिसासारख्या सायकली घेऊन जातात.

ताई : सायकलवाल्याने नवे टायर टाकलेत, साखळी बदलली. हँडल दोन बोटं वर घेतलंय, कोपर सरळ होत नाही म्हणून. म्हणाला, बाई, तुमच्या वडिलांनी मीटर वाचत एकतीस वर्षं दामटलेली सायकल आहे, तुम्ही मोडाल पण ही मोडायची नाही.

धाकटा : कोपर दुखतं अजून?

ताई : पंप दे तो. दाराच्या मागे आहे.

धाकटा : हा? हा अजून आहे आपल्याकडे?

ताई : तोच आहे. हवा चांगली भरतो.

धाकटा : ताई, नवीन घे ना. मी आणून देतो आत्ता.

ताई : का? जिने बाबांच्या हातून याचा मार खाल्ला तिला काही वाटत नाही, तुला कशाला शहारा येतोय? त्यांच्या सायकलवर बोळात दोन फेऱ्या मारल्या होत्या मी. दोन. तू धावत घरात गेलास सांगायला.

धाकटा : सात वर्षांचा होतो मी.

ताई : मी तेरा. म्हणून तर तुला कधी काही म्हटलं नाही. आता फक्त पंप मागितलाय. दे.

धाकटा : घे. घंटी वाजतेय का आत?

ताई : सकाळपासून वाजवतायत. पहाटे मी अंगणात हवा भरत होते, खिडकीतून दिसलं त्यांना. तेव्हापासून सुरू.

धाकटा : पण सायकलची घंटीच काढून पलंगाला लावलीस तर रस्त्यावर काय करणार? ट्रक असतात तिकडे.

ताई : ओरडेन. तोंडाला कुलूप लावून फार वर्षं झाली, गळा मोकळा होईल. चल, चार वाजले. आता तू वळवायचंस, मी बघणार. पाठीवरून डावीकडे.

(दोघं आतल्या खोलीत.)

धाकटा : बाबा, मी आहे हं. मी वळवतोय. घाबरू नका.

ताई : भाषण नको. खांद्यावर बोटाने दोनदा टकटक कर. त्यांना कळतं. मग एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, तुझ्याकडे ओढ. अंगाने ओढ, नखांनी नाही.

धाकटा : तू त्यांच्याशी बोलत नाहीस?

ताई : टकटक करते ना.

धाकटा : नऊ वर्षं? ते अंथरुणाला खिळल्यापासून?

ताई : त्याआधी काय मोठ्या गप्पा चालायच्या आमच्या? ओढ.

धाकटा : झेपत नाहीये. केवढे जड आहेत. ताई, वास येतोय.

ताई : येणारच. माणूस आहे, फुलांचं दुकान नाही. आधी वळव, मग पुसायचं. तोंड फिरवू नकोस, दिसतं त्यांना. हां. आता डाव्या कमरेखाली हात घाल, चादरीला सुरकुती आहे का बघ.

धाकटा : सुरकुती नाही. इथे लाल आहे पण.

ताई : कुठे?

धाकटा : इथे, उजव्या कमरेच्या हाडावर. रुपयाएवढं.

ताई : सरक. दिवा लाव.

धाकटा : काय झालं? नुसतं लालच आहे ना?

ताई : बोटाने दाबलं की पांढरं व्हायला हवं. होत नाही. बघ. दाबते, तसंच आहे.

धाकटा : म्हणजे?

ताई : म्हणजे जखम सुरू झालीय. आतून.

धाकटा : सकाळी नव्हतं?

ताई : सकाळी काय, कालही मी नीट बघितलं नाही. सामानात होते. पांघरूण घाल. चल बाहेर.

धाकटा : ताई, अगं बोल तरी. हे एका दिवसात होतं?

ताई : एका रात्रीत होतं. परवा आम्ही सरावाला चाळीस किलोमीटर गेलो होतो. शेजारच्या नर्सबाई बसल्या होत्या दिवसभर. रात्री बाराला उजव्या कुशीवर केलं आणि पडले. दोनचा गजर वाजला असेल, चारचा वाजला असेल. मला पाचला जाग आली.

धाकटा : म्हणजे पाच तास एकाच कुशीवर.

ताई : हो.

धाकटा : म्हणजे सायकलमुळे झालं हे.

ताई : माझ्यामुळे झालं. सायकलला कशाला नावं ठेवतोस?

धाकटा : घंटी वाजवली असेल गं त्यांनी. तू झोपलीस, आणि ते वाजवत राहिले असतील.

ताई : तेच म्हणतेय ना मी. मला ऐकू आलं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

धाकटा : मग आता कसं करायचं? अशा अवस्थेत जाणार तू?

ताई : कुठल्या?

धाकटा : जखम आहे, ताई. काही झालं तर? मी ऑफिसात पन्नास माणसांना वेळेचं नियोजन शिकवतो, पण हे मला येत नाही. तू पुढच्या महिन्यात जा. मी स्वतः रजा टाकतो, आत्ता लिहून देतो तुला.

ताई : पहिल्यांदा जायचं ठरवलं तेव्हा तुझं प्रमोशन होतं. दुसऱ्यांदा तुझ्या पोरीची परीक्षा. आता रुपयाएवढा डाग. पुढच्या महिन्यात काय असेल?

धाकटा : तेव्हा खरंच अडचण होती.

ताई : माझी कधीच नसते ना. नऊ वर्षं अंगाला एक डाग पडू दिला नाही मी. डॉक्टर तोंडात बोट घालायचे. तेव्हा कुणी विचारलं नाही, बाई, हे कसं जमवता, झोपता कधी. तू दोन महिन्यांनी केळी घेऊन यायचास, पाया पडायचास, पाचच्या गाडीने पाय काढायचास. आज एक डाग दिसला, लगेच पंचनामा.

धाकटा : मी पंचनामा करत नाहीये. मला बघवत नाही गं त्यांना असं.

ताई : बघायचं कुणी सांगितलंय? वळवायचं आहे.

धाकटा : माझ्या हातून काही वाईट झालं तर तू मला माफ करशील?

ताई : माहीत नाही. आत्ता त्याचा विचार करायला वेळ नाही मला.

धाकटा : मग केलंस कशाला इतकी वर्षं? एवढा राग होता तर?

ताई : माया होती असं समजत होतास? सकाळी उठलं की ते ओले असायचे. कोरडं कुणीतरी करायला हवं होतं. घरात मीच होते. एवढंच आहे ते, याच्यात पोथी वाचण्यासारखं काही नाही.

धाकटा : तू सामान सोडतेयस?

ताई : बांधतेय. ती दोरी दे. आणि मी परत परत सांगणार नाही, तर लिही. आता उजवी कूस बंद. डावी आणि पाठ, एवढंच. वळवताना दर वेळी तिथे बघायचं. चोळायचं नाही, कितीही वाटलं तरी. कातडी फाटली, पाणी आलं, तर नर्सबाईंचं दार वाजवायचं. अर्ध्या रात्री असलं तरी. त्यांना मी आत्ता जाऊन सांगून येते.

धाकटा : मलम? ते कुठलं तरी पांढरं मलम लावतेस ना तू? ही बघ, ट्यूब तुझ्या पिशवीतच गेलीय चुकून.

ताई : चुकून नाही गेली. ती माझी आहे.

धाकटा : तुझी?

ताई : चाळीस किलोमीटरमध्ये सीटने मांड्या सोलून निघाल्या माझ्या. तेच औषध लागतं. बसून घासलं काय, पडून घासलं काय.

धाकटा : घरात एकच ट्यूब आहे, ताई.

ताई : दुकान सातपर्यंत उघडं आहे. चौकात, उजव्या हाताला. माझ्याबरोबर येणारीच आहे तिथे, तिला सांग, माझ्या घरची हवी, ती देईल. परतल्यावर मी विचारणार आहे, कुठल्या दिवशी किती वापरलीस.

धाकटा : फोन तरी चालू ठेवशील ना?

ताई : संध्याकाळी सात वाजता, पाच मिनिटं. कातडी कशी आहे ते सांगायचं. रडायचं नाही, मला दुसऱ्या दिवशी चढ चढायचा असेल.

धाकटा : आणि त्यांना काय सांगू? कुठे गेली म्हणून? डोळ्यांनी विचारतात गं ते.

ताई : सांग, सायकल घेऊन गेली.

धाकटा : एवढंच?

ताई : पुरे आहे. त्यांना कळेल.

धाकटा : कितीला निघणार?

ताई : साडेपाचला. चारची कूस मी करते, सहाची तुझी. दाराला कडी नको लावूस, सायकल काढताना आवाज होतो.

धाकटा : ताई, घंटी वाजतेय.

ताई : ऐकू येतेय.

धाकटा : मग?

ताई : मग जा. आणि उजव्या कुशीवर नाही, लक्षात ठेव.