सौनाची वरात

—नाही रे, आम्हाला कुणी हाकललं नाही. तुम्ही दक्षिणेकडचे लोक खुर्चीत बसलात की हेच विचारता. मान सरळ ठेव. हाकललं म्हणजे काय — आमचंच गाव आमच्याच माणसांनी खालून पोखरलं, आणि मग एक दिवस कंपनीचा माणूस सूट घालून आला नि म्हणाला, जमीन खचतेय, गाव जरा पूर्वेला सरकवावं लागेल. सरकवावं! जसं काही कपाटच आहे! मी म्हटलं, सरकवा बाबा. तर आमचा हिल्डिंग — नवरा माझा, सगळी उमर खाणीत गेली त्याची — तो म्हणतो, मी येणार नाही. मी म्हटलं, अरे, खोदलं कुणी? स्वतःच्या पलंगाखालचं तूच उपसलंस, रोज डबा घेऊन जाऊन, आणि नॉर्वेच्या बंदरात पाठवलंस! तर काय म्हणाला ठाऊक आहे? "पलंगाखाली नव्हतो मी. जरा पश्चिमेला होतो."

हस तू. मला ह्या माणसाबरोबर संसार करायचा होता.

खाणीला मी नावं नाही ठेवत हं. ठेवून जाणार कुठं? ह्या गावात दोनच प्रकारची माणसं — खाणीत जाणारी आणि जाणाऱ्यांचे केस कापणारी. शाळा खाणीमुळे, दवाखाना खाणीमुळे, माझ्या बहिणीचं लग्न खाणीमुळे, घटस्फोटही खाणीमुळेच — रात्रपाळी, दुसरं काय. खनिजाचा भाव चढला की बायका केस रंगवायला येतात, उतरला की घरीच कात्री चालवतात आणि मग टोपी घालून, डोळे पुसत माझ्याकडे. लोक अर्थशास्त्र शिकायला विद्यापीठात जातात, मी इथं खुर्चीमागं उभी राहून शिकले. आणि तू स्टॉकहोमचा ना? तुमच्या पुलांत, तुमच्या त्या भुयारी गाडीत लोखंड कुठलं? आमचं. पैसा कुठं जातो? तुमच्याकडं. भेगा कुणाच्या भिंतीला? — हां. कान वाकव जरा.

तर घर. पाडायचं ठरलं. जुन्या घराला निरोप द्यायला शेजारी जमले, कॉफी झाली, वेलदोड्याचे बन झाले, मग सगळ्या बायका रडल्या, मीही रडले — पण खरं सांगू? डोळ्यांत पाणी होतं आणि मनात लिफ्ट होती. नव्या गावातला फ्लॅट, चौथा मजला, बर्फ उपसायला नको, लाकडं फोडायला नकोत! हे गावात बोलू नकोस हं. मी बॅगा भरल्या, हिल्डिंग हलेना. म्हणाला, घर पाडा, पण सौना माझी येणार, नाहीतर मी येणार नाही. सौना म्हणजे काय, अंगणातली ओंडक्यांची खोली, त्याच्या बापानं बांधलेली, आत दगडाची भट्टी, तापल्या दगडांवर पाणी ओतायचं नि वाफ घेत बसायचं. कंपनी तेव्हा जुन्या, नावाजलेल्या इमारती अख्ख्या उचलून मोठ्या गाडीवरून नेत होती. सौना कशाला नेतील? पण हा जाऊन त्यांच्या ऑफिसात बसायचा. दर सोमवारी. कॉफी घ्यायचा, कॉफीत चीजचे तुकडे टाकायचा — खिशातून घेऊन जायचा तो — आणि गप्प. कुणी विचारलं, अजून त्या सौनाचंच का, की श्वास आत ओढायचा — श्शुप! हे आमच्याकडचं 'हो'. बस्स. वसंत येईपर्यंत त्यांनी हात टेकले. तोंड न उघडता छळणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. मी पाहिला होता.

पण तोवर आमचं बोलणं बंद. म्हणजे पूर्णच बंद. तो तिकडं, सौनाच्या बाहेरच्या चिमुकल्या खोलीत, अख्खा हिवाळा — आजूबाजूची घरं एकेक करून पाडलेली, मधोमध हा एकटा, धूर काढत. मी इकडं फ्लॅटमध्ये, मजेत. अगदी मजेत. माशाचं सूप करायचे, डब्यात घालून त्याच्या पायरीवर ठेवायचे, दार न वाजवता परत यायचे. दुसऱ्या दिवशी डबा पायरीवर, घासलेला. एवढाच आमचा संसार उरला होता — तू सांग, ह्याला संसार म्हणायचं का? लोक म्हणायचे, गुनबोर्ग, आता कागद करून टाक, मोकळी हो. मी म्हणायचे, बघू.

मग जूनमध्ये तो दिवस आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, झेंडे, शाळेचा बँड, नगराध्यक्षबाईंचं भाषण — भविष्य, भविष्य, दर वाक्याला भविष्य. आधी जुनी शाळा गेली गाडीवरून, माणूस चालतो त्याच्याही निम्म्या वेगानं. तिच्यामागं दुसऱ्या गाडीवर आमची सौना. आणि सौनाच्या धुराड्यातून धूर! आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, मग कुणीतरी ओरडलं, आग, आग! कंपनीचा इंजिनिअर पिवळं जाकीट घालून धावला, गाडी थांबली, त्यानं दार ओढलं — भस्सकन वाफ बाहेर — आणि वाफेत हिल्डिंग नि त्याचा खाणीतला जोडीदार वाल्फ्रिड, बाकावर शेजारी शेजारी, लालबुंद, अंगावर एक सूत नाही. हातात अंगावर झोडायची बर्च झाडाच्या पानांची जुडी होती म्हणून गावाची अब्रू राहिली. आणि हिल्डिंग विचारतो, "पोहोचलो का?"

इंजिनिअर म्हणाला, खाली उतरा, ताबडतोब! हिल्डिंग म्हणाला, "कपडे जुन्या गावात राहिले." नगराध्यक्षबाई भविष्यावर अडकून उभ्या. आणि मग — मी समोरच्याच पदपथावर होते, नवा कोट घालून — त्यानं मला पाहिलं. सगळ्या हिवाळ्यानंतर, सगळ्या गावासमोर, म्हणतो, "गुनबोर्ग, पाणी संपलंय."

आता काय करशील? तू काय केलं असतंस? फुलवालीची बादली उचलली मी, फुलं बाजूला काढून ठेवली, आणि चढले गाडीवर. इंजिनिअर म्हणाला, बाई, परवानगी नाही. मी म्हटलं, बाजूला हो, माझा नवरा कोरडा बसलाय. दार लावून घेतलं. वाल्फ्रिड बिचारा कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसला. कोट काढला मी, हो, कोट काढला, तिथं किती उकडत होतं! पुढचं विचारू नकोस. रस्ता अडवून ठेवता येत नव्हता म्हणून गाडी निघाली, बँडला एकच चाल येत होती ती त्यांनी वाजवली, लोक टाळ्या वाजवतायत, आम्ही तिघं आत हलतडुलत. आमच्या लग्नाला इतकी माणसं नव्हती.

इंजिनिअर अजून विचारत असतो — सकाळी आम्ही तपासलं तेव्हा आत काडीसुद्धा नव्हती, मग पेटवलंत कशानं? हिल्डिंग सांगत नाही. आणि पेटणार नाही तर काय, बर्चची साल अशी खडखडीत, एका काडीत भडकते, मी स्वतः रेडिएटरवर वाळव—

काय? नाही. असं मी कुठं म्हटलं?

...बरं, म्हटलं. आदल्या दिवशी आला होता तो फ्लॅटवर. पहिल्यांदाच. जन्मभर खाणीच्या पिंजऱ्यातून जमिनीच्या पोटात गेलेला माणूस, पण आमच्या लिफ्टला घाबरला, जिन्यानं आला. दारात उभा, टोपी हातात, धापा टाकत. म्हणाला, कोरडी साल आहे का. मी आतून पिशवी आणून दिली. भरलेली. तो पिशवीकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. श्शुप, म्हणाला, आणि गेला. एवढंच.

हो रे, फ्लॅटमध्ये भट्टी नाही. चूल नाही, शेकोटी नाही, काही नाही, बटण दाबलं की सगळं गरम. ठाऊक आहे मला. मग साल कशासाठी वाळवत होते, सगळा हिवाळा—

मान खाली घाल. मागचं राहिलंय. अजून खाली. आरशात बघू नकोस.