पडद्यामागून दिसलेला हात

हॅलो? … हॅलो! विमल? … अगं मी, कौशी. बीडहून… हो, जिनिंगच्या ऑफिसातला फोन आहे. ह्यांनी सकाळी नंबर मागून ठेवला होता, आत्ता दुपारी लागतोय.

नाही, नाही… सगळे बरे आहेत. बाळ ठणठणीत. इथून खिडकीतून दिसतंय मला, आवारात… भिवरामावशीच्या कडेवर आहे. … हो गं, तीच. तुमच्या चित्रशाळेत झाडलोट करायची ती. आता आमच्याकडे असते, बाळाला न्हाऊमाखू घालते. तिच्यासाठीच तर फोन… अगं ऐक ना. आधी सांग, तुझे आप्पा आपल्याला दर शुक्रवारी खेळाच्या वेळी काय बजावायचे?

… नाही, 'पडद्याला हात लावू नका' नव्हे. दुसरं. … हां! तेच! 'पोरींनो, तुम्ही मागच्या अंगानं बघताय, डावं-उजवं ध्यानात ठेवा.' आणि मी काय म्हणाले होते? 'आप्पा, माणूस डाव्या हातानं दगड फोडो की उजव्या, दगड फुटल्याशी कारण.' … हसू नकोस. तेव्हा हसलो तेवढं पुरे.

… हो ना, काय दिवस होते ते. पुढच्या खोलीतल्या आप्पांनी काढलेल्या तसबिरी आपणच उतरवायचो. देशमुखांच्या तसबिरीचं तर तोंड भिंतीकडे करून ठेवायचीस तू… फुकट खेळ बघतील म्हणून! मधोमध पडदा म्हणून आप्पांचं धुतलेलं धोतर. त्यावर पाणी शिंपडायचं काम आपलं, म्हणजे मागूनही चित्र दिसावं. पुरुष पुढे, बायका मागे. त्रिंबककाका यंत्राचा दांडा फिरवायचे, आणि ते दमले की चित्रातली माणसंसुद्धा दमून हळू चालायची.

… अगदी! गॅसबत्तीचा तो वास. अजून कुठे कार्बाइड जळालं की मला वाटतं, आता खेळ सुरू होणार.

आणि खेळ तरी कसले! ना राजा ना राणी, ना कुणी देव. काकांनी पदरमोड करून, कॅमेरा खांद्यावर टाकून गावोगाव टिपलेली खरी माणसं. चुनाभट्टी, नारायणगडाची जत्रा, धरणाचं काम… पुढून कुणीतरी ओरडायचा, 'दगड फोडायचं काय बघायचं बे, आमी रोजच फोडतोत!' आणि पुढच्या शुक्रवारी तोच पठ्ठ्या पहिल्या रांगेत. … हो, हो, करोडगिरीच्या जकातनाक्यावर रिळांचे डबे अडवले होते! 'आत माल काय?' … 'माणसं.' … 'किती?' … काका म्हणे, 'दोन-अडीचशे, हुजूर, पण खात काही नाहीत!'

आणि मागे आपल्यात बसणारी छबुबाई आठवते? हद्दीपलीकडची पंगत पडद्यावर बघून म्हणाली, 'इंग्रजाच्या मुलखात समदे डाव्या हातानं जेवतेत का गं बाई?' … आपण पोट धरधरून हसलो होतो. तिला समजावून मात्र कुणी सांगितलं नाही. ना तू, ना मी.

हं? … जी? … जी हाँ, और तीन मिनट दीजिए, मेहरबानी… नाही गं, एक्स्चेंजवाला मध्येच.

थांब हं… मावशीऽ, त्याला टोपडं घाला, ऊन आहे! … घालतेय. आता हळू बोलते, तिला ऐकू जायला नको.

धरणाचं ते चित्र आठवतं? तू आता राहतेस तिथलंच. माणसं घमेली वाहताहेत, आणि एकजण थांबतो. चुन्यानं पार पांढरा, दाढी वाढलेली. तोंड पुसतो आणि सरळ आपल्याकडे बघतो. … हां, तो. त्याच्या हाताला दोन बोटं नव्हती. करंगळी आणि तिच्या शेजारचं. … तुला कसं दिसणार, तू तेव्हा कुणाचं तरी पोर मांडीवर थोपटत होतीस. मला दिसलं. मावशी ताडकन उठून उभी राहिली होती.

अगं, तिचा मुलगा, हरिबा. चौसाळ्याला उसाच्या चरकात त्याची दोन बोटं गेली. ठरलेलं लग्न मोडलं. गाव 'तीनबोट्या' म्हणायला लागलं. एक दिवस 'धरणावर जातो' म्हणून गेला तो गेलाच. गेला तेव्हा नुसतं मिसरूड फुटलेलं, आणि खेळाच्या वेळी त्याला जाऊन तीन वर्षं झालेली. मावशी म्हणाली, 'चाल त्याचीच हाय. मान बी तशीच वळवली.' आणि मग… मग म्हणाली, 'पर माझ्या हरिबाचा उजवा हात गेलता. ह्याचा तर डावा हाय.' आणि माझ्याकडे वळली, विमल. 'ताई, तुमी शिकलेल्या. तुमी सांगा. डावाच ना?'

मी बघितलं. चांगलं डोळे फाडून बघितलं. आणि म्हणाले, 'डावाच, मावशी.'

… हॅलो? आहेस ना?

… हो. मीच. कॉलेजात तर्कशास्त्र शिकलेली.

ती खाली बसली. म्हणाली, 'मग दुसरीच्या लेकराला आपलं म्हणून कशाला बघू.' त्यानंतर एकाही खेळाला आली नाही. आपल्याला वाटलं, कंटाळली असेल.

… परवा कळलं. मावशीनं बाळाला तीट लावली, डाव्या गालाला, आणि आरशापुढे धरलं. म्हणते, 'बघा बाई, ह्या बाळाची डावीकडं आन त्या बाळाची उजवीकडं!' ती हसत होती, बाळ हसत होतं. मीसुद्धा हसले गं. आणि मग ध्यानात आलं, धोतराच्या मागूनही असंच… उजव्याचं डावं.

… नाही सांगितलं. कशी सांगू? सहा वर्षं झाली त्या खेळाला. आधी सांगितलं आणि तो नाहीच सापडला, तर? एकदा तिचा मुलगा मी घालवला, पुन्हा दुसऱ्यांदा? … तू म्हणतेस तसं गप्पही राहून बघितलं. दोन दिवस. बाळ जरा पडवीच्या खांबाआड गेलं तरी माझा जीव खालीवर होतो, आणि तिला नऊ वर्षं झाली. ती माझ्याच बाळाला अंगाई म्हणते, आणि मी शेजारी बसून गप्प ऐकायची?

आप्पा असते तर रीळ पुन्हा लावून पुढून बघितलं असतं. रिळं काकांबरोबर गेली, आणि काका कुठे ते देवाला ठाऊक. … गेले होते ना काल. कुलूप आहे चित्रशाळेला. खिडकीतून बघितलं. धोतर अडकवायची खुंटी तशीच आहे, विमल. … रडू नकोस गं. वेळ नाही आपल्याला.

म्हणून तुला फोन. धरण झालं तरी पुष्कळ मंडळी तिथंच कालव्यावर राहिली, असं तूच लिहिलं होतंस. तुझ्या डॉक्टरांकडे तर सगळेच… काय? … कोण? … थांब, थांब. पाटकरी? कालव्याचं पाणी सोडतो तो? … दोन बोटं नाहीत? विमल, कुठल्या हाताची?

… 'लक्षात नाही' काय! रोज तुझ्या फाटकावरून जातो म्हणतेस ना! … नाव? … अगं, नुसतं पाटकरी काय, माणसाला नाव असतं!

… जी… बस, एक मिनट, भाईसाहब, एकच…

ऐक, भराभर सांगते. आजच जा. … डॉक्टरांना मागून सांग. त्याच्या समोर उभी राहा आणि हात बघ. त्याचा उजवा हात तुझ्या डाव्या बाजूला येईल, चुकू नकोस. मी चुकले तशी नको. चौसाळ्याचा का, विचार. आईनं विचारलंय म्हणू नकोस, बिचकेल… नाही, म्हणच. म्हण, भिवराबाई… अगंबाई, ती इकडेच बघतेय. बाळाचा हात धरून मला हलवून दाखवतेय.

उजवा, विमल. उजवा हात. तेवढं बघून येशील ना गं? … हॅलो? … विमल, येशील ना बघून? … हॅलो? …