पाचच्या गाडीने नेलेली कविता

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय प्राचार्य मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, प्राध्यापकवृंद, गावोगावहून आलेले पालक, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

सूत्रसंचालन करणाऱ्या संजनाताईंनी मघाशी माझी ओळख 'ज्येष्ठ माजी विद्यार्थी' अशी करून दिली. ज्येष्ठ तर मी आहेच, केसच सांगतात! पण माझी खरी पदवी त्यांनी सांगितली नाही. मी इथला जुना अप-डाऊनवाला. सकाळी चांदवडहून एसटी धरायची आणि संध्याकाळी पाचच्या गाडीनं परत. हॉस्टेलची मुलं कॉलेजात राहत असत. आम्ही आपले रोज पाहुणे म्हणून येत असू.

तुम्ही म्हणाल, त्यात काय गमावलं? सांगतो. या सभागृहात मी कितीतरी कार्यक्रमांना बसलो, पण आभारप्रदर्शन कधी ऐकलं नाही. नाटकात खून कोणी केला, ते दुसऱ्या दिवशी मित्रांना विचारायचं. बक्षीस कोणाला मिळालं, तेही उद्या. मिळालं काय, तर खिडकी. ओझर सोडलं की द्राक्षबागा सुरू होत आणि मी शाळेत पाठ झालेल्या कविता काचेशी पुटपुटू लागे. एसटीच्या इंजिनालाही वृत्त असतं बरं का! चढाला मात्रा लांबतात, उताराला आखडतात. माझे केस पिकले, पण ती चाल काही विसरलो नाही.

असो. भरकटलो. म्हातारपणाचा हक्कच आहे तो.

नाशिकच्या वाचनालयातून परतताना मी आजही तीच पाचची गाडी धरतो. तीन वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ. ठक्कर बाजार स्थानकातून गाडी हलली आणि मागून एक मुलगी ओढणी सावरत धावत आली. कंडक्टर सुमनबाईंनी घंटी मारून गाडी थांबवली.

"काय गं, रोज वेळेवर येतीस, आज कुठं अडकलीस?"

"स्पर्धा होती, मावशी. कविता म्हणत होते."

"मग नंबर आला का?"

"कुठला नंबर! कविताच अर्धी टाकून आले."

ती ही वेदिका. पहिल्या वर्षाला होती. याच व्यासपीठावर स्वतः लिहिलेली कविता म्हणत होती, आणि समोरच्या घड्याळात तिला गाडी दिसली.

डोंगर मागे, डोंगर पुढे,
मधुनी गेली वाट,
थकले तेव्हा वाट म्हणाली—

इथं ती थांबली. "सर, माझी गाडी," एवढंच म्हणाली आणि पळाली. तुमच्यातले काही त्या दिवशी इथे असतील. हसलाही असाल. पण चांदवडहून तिच्या वस्तीकडे जाणारी शेवटची जीप पाचच्या गाडीची वाट बघते, पुढच्या गाडीची नाही. ती चुकली असती तर दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद, असं तिच्या घरी पहिल्याच दिवशी ठरलेलं. मग मुलगी काय करील?

मी म्हटलं, "बाळ, उरलेली इथं म्हण की."

"इथं? एवढ्या माणसांत?"

सुमनबाई म्हणाल्या, "अगं म्हण. सुट्ट्याचं भांडण रोजच ऐकतो आम्ही!"

आडगावच्या अलीकडे तिनं सुरुवात केली. भाजीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका मागे वळून ऐकू लागल्या. संपल्यावर एक आजी डोळे पुसत म्हणाली, "लय गोड बोलली गं वाट." त्या दिवसापासून आमच्या गाडीत रिवाजच पडला. कॉलेजात ज्याचं जे अर्धं राहील, ते त्यानं गाडीत पुरं करायचं. वादविवाद झाले, एकांकिकेचा शेवट झाला, एकदा तर गाडीतच आभारप्रदर्शन झालं आणि ड्रायव्हरला गुलाब मिळाला!

पण गाडी ती गाडी. हे सभागृह वेदिकाचं देणं लागतं. आज कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणानंतर वेदिकाची कविता आहे. आपण सुरू केलं उशिरा, त्यात आम्हा मान्यवरांच्या शाली, नारळ आणि फोटो. मघाशी ती संजनाताईंच्या कानात म्हणाली, "माझं राहू द्या." मी शेजारीच होतो. कान अजून शाबूत आहेत.

आता बघा, बॅग खांद्याला लावून ती दाराशी उभी आहे. घड्याळाकडे बघू नकोस, बाळ. तिसऱ्या रांगेत तुझे वडील बसलेत. या कॉलेजात ते आज पहिल्यांदाच आलेत. बहिरूभाऊ, तुम्हालाच विचारतो. आजची गाडी जाऊ द्यायची का? पुढच्या गाडीनं आपण तिघं जाऊ. जीप नसेल, पण चांदवडात माझं घर आहे. रात्री पिठलं-भाकरी खाऊ, सकाळी वस्तीवर जा.

काय म्हणता? मोठ्यानं बोला... ऐकलंत का मंडळी? बहिरूभाऊ म्हणतात, "जाऊ द्या गाडी. मला बी ऐकायचंय, वाट काय म्हणली ते. घरी तिनं कधी सांगितलंच नाय."

बास. आता मी बोलत राहिलो तर मोठा अपराध होईल. मला बोलावलंत, मायेनं ऐकलंत, त्याबद्दल सगळ्यांचा ऋणी आहे. भाषण मात्र अर्धंच सोडतोय. अप-डाऊनवाल्याची जुनी सवय, तेवढी पोटात घाला.

वेदिका, बॅग वडिलांजवळ दे. ये, माईक तुझा आहे.