टेरीच्या गाडीचा जांभळा

मी मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरातला. तिथं माझ्या वडलांचं गाड्या रंगवायचं शेड होतं, पत्र्याचं, दोन बाजूंनी उघडं, आणि आई म्हणायची की मी रांगायला शिकलो ते पॉलिश पेपरच्या तुकड्यांवरनंच, ते काय खोटं न्हाई. नाव महादेव, पण हितं साता समुद्रापार पामर्स्टन नॉर्थात सगळे मॅक म्हणतात, आणि मला त्याचं काय वाटत न्हाई, हाक मारली की ओ देतो. मी पेंटर. घरं रंगवणारा न्हाई बरं का ताई, गाड्या रंगवणारा, आणि त्यात पण जुन्या, मसल कार म्हणतात त्यांना, लांबलचक बॉनेट, दोनच दारं, पुढं दांडगं इंजिन, चालू केली की शेजारच्या घरातली भांडी वाजत्यात. ह्या गाड्या कारखान्यातनं निघताना ज्या रंगाच्या होत्या तोच रंग त्यांना परत द्यायचा, हे माझं काम. आणि ह्या कामात आपला नाद करायचा न्हाई, हे मी आधीच सांगून ठेवतो, मग तुम्ही लिहा नायतर खोडून टाका.

हे सगळं आबांचं, म्हंजे वडलांचं. आबा रंग कधी ट्यूबखाली बघायचे न्हाईत. सकाळी दहाच्या सुमाराला पत्रा बाहेर काढायचा, सावलीत धरायचा, तोंड उगवतीला करायचं आणि तिरकं बघायचं. ट्यूबखाली बघितलेला रंग आणि फोटोत बघितलेला नवरा, दोन्हीवर भरवसा ठेवायचा न्हाई म्हणायचे. ट्रकवाले, जीपवाले, साखर कारखान्याचे साहेब लोक, सगळे आबांकडं यायचे, कारण ठिगळ कुठं मारलंय ते मारणाऱ्यालासुद्धा सापडायचं न्हाई. मग आबांना मोतीबिंदू झाला. तवाचं ऑपरेशन म्हंजे काय सांगू तुम्हाला, डोळ्यावर हिरवी पट्टी, मान हलवायची न्हाई, आणि मग बाटलीच्या बुडासारखा चष्मा. आबांनी त्यानंतर रंग मिसळला न्हाई. शेडच्या दारात स्टूल टाकून बसायचे आणि आल्यागेल्याला या बसा म्हणायचे. बास, तेवढंच. हातात कला असलेला माणूस नुसता या बसा म्हणतोय, ते मला बघवायचं न्हाई, मी मागच्या बाजूनं आत जायचो.

हितं आलो ते बायकोच्या मागनं, लपवायचं काय त्यात. सुरेखा नर्स, तिला हितल्या हॉस्पिटलात नोकरी लागली, आणि मी आपला पेटी उचलून मागनं. हितं डेंटिंगवाल्याला पॅनलबीटर म्हणतात, तसल्या एकाकडं पहिल्यांदा नुसतं घासकाम करायचो. तिथं एकदा ब्रूस आला, त्याचं जुन्या गाड्यांचं वर्कशॉप, त्यानं मी केलेलं एक मडगार्ड बघितलं, बोटानं चाचपलं आणि मला म्हणाला, सोमवारी माझ्याकडं ये. झालं, तवापासनं त्याच्याकडंच हाय. आणि त्या गाड्यांच्या रंगांची नावं ऐकून मी तर पोट धरून हसलो. आपल्याकडं काय, पांढरा, काळा, आकाशी. ह्यांच्या एका नारिंगीचं नाव व्हिटॅमिन सी. एका पिवळ्याचं नाव हॉट मस्टर्ड, म्हंजे तिखट मोहरी. मी सुरेखाला म्हटलं, ही गाडी हाय का लोणचं. पण रंग असले नाद खुळा की ताई, आताच्या गाड्या बघा, सगळ्या राखाडी, सुतकात असल्यासारख्या. त्या काळातल्या लोकांना रंगाची भीती न्हवती.

आणि माणसं त्या रंगात अडकलेली असतात, हे मला हितं कळलं. दांडगी माणसं येणार, अर्धी चड्डी, पायात जँडल, म्हंजे आपली रबरी स्लिपर, किया ओरा मॅक, म्हणणार, तो हितला रामराम, आणि तयार गाडी बघितली की तिच्याभोवती फेऱ्या मारत राहणार. एकाला त्याच्या बापाचा हिरवा पाहिजे असतोय, एकाला लग्नाच्या दिवशीचा. बॉनेटखाली एक पट्टी असते, तिच्यावर रंगाचा कोड असतोय, तो कॉम्प्युटरला सांगितला की कॉम्प्युटर माप देतोय. पण ते माप नव्या रंगाचं. पत्र्यावरचा रंग ऊन खाऊन, पाऊस खाऊन उतरलेला असतोय, तिथपर्यंत मापानं पोचता येत न्हाई, तिथं डोळाच लागतो. तो डोळा माझा. ब्रूसच्या वर्कशॉपात रंग मिसळायच्या टेबलाशी दुसरं कोण उभं राहत न्हाई.

तर टेरी. फील्डिंग गावाच्या बाजूचा मेंढ्यावाला शेतकरी, माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठा. त्याच्याकडं चार्जर गाडी, जांभळी, पिकलेल्या जांभळाचा असतोय तसला जांभळा, तरुणपणी स्वतः शोरूममधनं नवी घेतलेली, आणि तवापासनं गाडीला एक ठिपका परका रंग लागलेला न्हाई. असली गाडी म्हंजे सोन्याची ताई, कारण गाडी कितीबी वेळा रंगवता येते, कारखान्याचा रंग तिच्यावर एकदाच असतोय. टेरी तिला शेडमध्ये चादरीखाली ठेवायचा. एकदा धुवून बाहेर उभी केली, एवढी चकचकीत की त्याच्या मेंढ्यानं गाडीच्या दारात स्वतःला बघितलं. त्याला वाटलं, दुसरा कोण आला. मागं सरला, आणि दिली की धडक. दार आत गेलं. टेरी गाडी घेऊन आला तवा घरात मयत झाल्यासारखं तोंड. माझ्या छातीवर बोट ठेवून म्हणाला, मॅक, फक्त दार. बाकी गाडीवर तुझ्या रंगाच्या गनचा वाराही लागता कामा नये. मी म्हटलं, टेरी, ते तू मला सांगतोस होय.

दार ठोकून सरळ केलं, रंग मिसळला, नमुना मारून सावलीत नेला, तिरका बघितला, बरोब्बर. दाराला रंग मारला, पॉलिश केलं, बसवलं. ब्रूस आला, बघत उभा राहिला, आणि म्हणाला, मॅक, निळं झालंय. म्हटलं, चष्मा पूस. तो म्हणाला, मी चष्मा लावत न्हाई. त्या दिवशी माझी लेक केतकी मला न्यायला आलेली, ती हितंच जन्मली, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत, तिला ब्रूसनं विचारलं. ती म्हणाली, बाबा, इट्स हीप्स ब्लूअर, म्हंजे लईच निळं. मी म्हटलं, तू तुझ्या फोनमध्ये बघ, तिथं तुला अक्कल दिसंल. एवढ्यात टेरीच आला. मी म्हटलं, गाडी त्याची हाय, त्यालाच सांगू दे. टेरीनं हिकडनं बघितलं, तिकडनं बघितलं, खाली बसून बघितलं आणि म्हणाला, स्वीट ॲज, म्हंजे एकदम झ्याक, मॅक, कुठलं दार तेच कळत न्हाई. आम्ही दोघं म्हातारे दारापुढं उभे, एकमेकांच्या पाठी थोपटतोय, आणि ब्रूस आणि केतकी आमच्याकडं अशी बघत्यात की जणू ह्यांना आता रस्ता कुणी ओलांडून द्यायचा.

टेरी गाडी न्यायला निघाला तर ब्रूसनं चावी दिली न्हाई, म्हणाला, आणखी थोडं पॉलिश राहिलंय. मग मला आत नेलं, चहा दिला आणि हळूच म्हणाला, मॅक, डोळे तपासून घे. तोवर रंग मी बाहेरनं मिसळून आणतो. कधी आवाज चढवत न्हाई तो माणूस, चढवला असता तर बरं झालं असतं, मी पण चढवला असता. मी गाडीत येऊन बसलो. मला एकच दिसत होतं, उद्या मी पण दारात बसून या बसा म्हणणार, आणि ते पण इंग्रजीत.

सुरेखाला सांगितलं तर ती म्हणाली, मला सहा महिने झाले कळून. गणपतीला हॉलमध्ये तू एक काळा आणि एक निळा मोजा घालून आरतीला उभा होतास, मी सगळ्यांपुढं तुझी अब्रू घालवली न्हाई एवढंच. म्हटलं, मग सांगायचं न्हाई. म्हणाली, मोतीबिंदू वाटतोय म्हणून सांगितलं होतं, तू म्हणालास दिव्याचा दोष हाय. लई भांडलो त्या दिवशी. शेवटी मी म्हटलं, ऑपरेशन करायचं न्हाई, आबांचं काय झालं ते मी बघितलंय. तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, आबांना त्या वेळी भिंग आत बसवून मिळालं न्हाई, तुला मिळतंय आणि तू नको म्हणतोस, आबा असते तर त्यांनी तुला ह्याच लाटण्यानं हाणला असता.  मी आपला डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलो.

एका डोळ्याचं झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि घरी येऊन मी सिंकपुढं उभा राहिलो. आमची भिंत पांढरी हाय, हे मला ठाऊकच न्हवतं. ह्या डोळ्यानं बघितली तर दुधासारखी, त्या डोळ्यानं बघितली तर चहा सांडल्यासारखी. केतकीला म्हटलं, मला वर्कशॉपला सोड. ती म्हणाली, नो वे, बाबा, यू आर सपोज्ड टू रेस्ट. म्हटलं, मग मी चालत जातो. सोडलं बिचारीनं. टेरीची गाडी सावलीत उभी होती. जुना डोळा उघडा ठेवून बघितली, सगळं एक. मग तो झाकला आणि नव्यानं बघितली. ताई, दार निळं होतं. निळं म्हंजे धुण्याला नीळ जास्त व्हावी तसं निळं, रस्त्यावरच्या कुत्र्यानं सांगितलं असतं. मी ब्रूसला हाक मारली, म्हटलं, बाबा, तुझं बरोबर. तो नुसता हूं म्हणाला आणि रंग मिसळायच्या टेबलावरची माझी जागा पुसायला लागला. दोन आठवड्यांनी डॉक्टरनं परवानगी दिली, मी तेच दार परत केलं, आणि आता ते असं जमलंय की मेंढ्यानं परत येऊन शोधावं. टेरी गाडी घ्यायला आला, म्हणाला, आधी पण असंच होतं की, एवढा वेळ कशाला लावलास. त्या दिवशी सुरेखा माझा डबा घेऊन आलेली, तिनं ते ऐकलं आणि त्याला तिथंच उभं करून बोटं मोजायला लावली नसतील एवढंच, बाकी सगळं सुनावलं, त्याच्या डोळ्यांसाठी डॉक्टरची वेळ घ्यायला लावली.

मग गेल्या आठवड्यात काय झालं, ऐका. टेरीची गाडी गेटातनं आत आली, दार धाडकन आपटून टेरी उतरला, तोंड लालबुंद, आणि सगळ्यांपुढं माझ्यावर ओरडायला लागला. मॅक, मी तुला फक्त दार सांगितलं होतं. तू सगळी गाडी रंगवलीस. माझा कारखान्याचा रंग घालवलास, मी तुझ्यावर भरवसा ठेवला होता.  ब्रूस मधी पडायला निघाला, मी त्याला हातानं थांबवलं. म्हटलं, टेरी, तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन कधी झालं. म्हणाला, एकाचं सोमवारी, त्याचा काय संबंध. मी त्याला खांद्याला धरून गाडीपुढं उभा केला आणि म्हटलं, नवा डोळा झाक. झाकला. कशी दिसते. म्हणाला, ही माझी गाडी. म्हटलं, आता जुना झाक.

त्यानं झाकला. मग हात बदलला, परत बदलला. बॉनेटवर हात फिरवत फिरवत मागच्या लाइटपर्यंत गेला आणि तिकडनंच म्हणाला, मॅक, हिला कुणी हात लावला न्हाई. म्हटलं, न्हाई. मग टेरी माघारी बॉनेटपाशी आला. म्हणाला, शोरूममधनं बाहेर काढली तवा ही अशी होती, मी विसरलो होतो, मला वाटलं तीच म्हातारी झाली. आणि त्याच्या डोळ्यातनं धारा लागल्या. मी म्हटलं, टेरी, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं न्हाई, डॉक्टरनं सांगितलंय. तर म्हणतो, त्यानं बाहेरचं सांगितलंय.

आता माझा दुसरा डोळा पुढच्या महिन्यात, टेरीचा पण तेवढ्यातच, एकाच गाडीतनं जायचं ठरलंय, सुरेखा नेणार. तोवर मी एक डोळा झाकून रंग मिसळतो आणि टेबल माझंच हाय. त्या म्हाताऱ्याला आणखी खूप उन्हाळे ती गाडी तशी बघायला मिळू देत, एवढंच देवाकडं मागणं हाय, बाकी आपलं झ्याक चाललंय.